चार बोटं कापड

दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे ते बघत नसत. उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या खांद्याच्या टोकाला, हाड संपतं तिथे ठेवायची, किंचित दाबायची आणि म्हणायचं, "आधी खांदा. बाकीचा माणूस मागून येतो." मग चष्म्यावरून वर बघून, "बोला, काय शिवायचं?"

नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका बोळात त्यांचं दहा बाय आठचं दुकान होतं. पाटीवर एकच शब्द, मराठीत आणि उर्दूत: वर्दी. नाव नाही, फोन नंबर नाही. गिऱ्हाईक त्यांना मास्टर म्हणे. शाळेतल्या मास्तरांचा मान केव्हाच उतरला. शिंप्याकडे तो अजून टिकून आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

मी तिथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यांच्याकडे मी गेलो तो हौसेनं नव्हे. आमच्याकडचे एन.सी.सी.चे सर निवृत्त झाले, प्राचार्यांनी स्टाफवर नजर फिरवली आणि सगळ्यांत कमी पोट माझं निघालं. देशसेवेसाठी निवड अशीही होते.

मी म्हणालो, "खाकी वर्दी शिवायची आहे. लेफ्टनंटची."

"कागद?"

"कसला कागद? मापं घ्या ना."

"माप तुमचं हाय सर. तारे सरकारचे हायेत. कागद दाखवा."

मी नेमणुकीचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, उन्हात धरून शिक्का बघितला, घडी घालून परत दिलं. "खांद्यावर दोन तारे येतील. त्याच्या खाली एन.सी.सी. अशी तीन अक्षरं येतील. ती बारीक टाका म्हणू नका."

"मी कुठं म्हणालो?"

"तुमच्या आधीचे सर म्हणले होते."

आठ दिवसांनी वर्दी घालून बघितली, तर त्यांनी मला आरशाकडे जाऊच दिलं नाही. म्हणाले, "हात वर करा. सॅल्यूट. खाली. पुन्हा वर." डाव्या हातानं माझ्या खांद्याची शिवण चाचपून बघत होते. "हात वर गेला आन शिवण ओढली, तर सॅल्यूट खोटा दिसतो. बघणाऱ्याला कळत न्हाई का खोटा वाटतो, पण वाटतो." पाच-सहा वेळा मी त्या बोळात, एका अंडेवाल्याकडे तोंड करून सॅल्यूट ठोकला. अंडेवाल्यानं शेवटी उत्तर दिलं.

त्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीवर आलेला जवान. मुखेड, कंधार, देगलूरकडची पोरं फौजेत जातात आणि सरकार त्यांना तयार वर्दी देतं. "सरकारी हिशेबानं देशात तीनच माणसं राहतात सर. लहान, मधला आन मोठा. चौथा जन्मालाच आला न्हाई." मग तो न जन्मलेला चौथा सुट्टीत पिशवी घेऊन मास्टरांकडे यायचा. ते बाही उतरवायचे, खांदा आत घ्यायचे, पँटची उंची कमी करायचे. कामाला हात लावण्याआधी जवानाचं ओळखपत्र बघायचे. ओळखीचा पोरगा असला तरी बघायचे.

आणि प्रत्येक कामातून निघालेला एक तुकडा ठेवून घ्यायचे.

त्या तुकड्यांची वही होती. जाड पुठ्ठ्याची, उशीएवढी फुगलेली. पानागणिक एक तुकडा, टाचणीनं टोचलेला, बाजूला उर्दूत दोन ओळी. मास्टरांचे पणजोबा हिंगोलीच्या छावणीत शिवायला होते. पहिलं पान त्यांचं. गर्द हिरव्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा तुकडा, कसरीनं निम्मा खाल्लेला. मग आजोबांच्या हातच्या खाकीच्या सात-आठ छटा, पिवळट, तांबूस, करडी. मग वडिलांचा ऑलिव्ह हिरवा. मग टेरिकॉट. "हे आलं आन जवान उन्हात शिजायला लागला. इस्त्री मात्र लई बढिया बसायची. साहेब लोकांना इस्त्री दिसते, घाम दिसत न्हाई." मग पानाफांद्यांचे डाग छापलेलं कापड.

मी इतिहासाचा माणूस. वर्दीवर दोन-चार जाड पुस्तकं मी वाचलेली. पण त्या वहीसमोर बसलं की पुस्तकं पोरकट वाटत. पलटणीतले गोरे शिपाई पांढरे कपडे चिखलात बुडवून घालू लागले तिथून खाकी सुरू झाली, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. मास्टर म्हणाले, "बरोबर हाय. वर्दीत जेवढी अक्कल हाय ती चिखलातून आली. झगमग आली ती दरबारातून." हे वाक्य मी त्यानंतर वर्गात माझं म्हणून वापरलं.

एका पानावर दोन पितळी गुंड्या शेजारी शेजारी होत्या. एकीवर मुकुट, दुसरीवर सिंह. खाली वडिलांच्या अक्षरात एक ओळ होती. ती मास्टरांनी मला वाचून दाखवली: गुंडी बदलली, काज तेच चाललं. स्वातंत्र्यावर मी इतकं वाचलं आहे, इतकं थोडक्यात कुणी लिहिलेलं आढळलं नाही.

निजामाच्या काळातले कागद वाचण्यासाठी मला उर्दू लागत होती. ती मी या वहीवर शिकलो. दर शनिवारी कॉलेज सुटलं की त्यांच्या बाकड्यावर बसायचं, एक पान वाचायचं. चुकलं की ते मशीन न थांबवता दुरुस्त करायचे. नोंदी सगळ्या एका ठशाच्या: गाव, खांदा, छाती, आणि जवानाची नेमणूक कुठे आहे ते ठिकाण.

"ठिकाण कशाला लिहिता, मास्टर?"

"हवामान, सर. लेहवाल्याच्या आत स्वेटर जातो, अर्धा इंच ढील द्यावी लागते. राजस्थानवाल्याला काखेत हवा लागते. पुढल्या टायमाला त्याचा भाऊ भरती झाला तर मला माहीत पाहिजे ना, कुठं काय लागतं."

वर्दी वरून खाली उतरते, असं त्यांचं म्हणणं होतं. "आज जनरलच्या अंगावर जे हाय ते उद्या पोलिसाकडं येतं, परवा कंडक्टरकडं, तेरवा वॉचमनकडं. आन सगळ्यांत शेवटी बँडवाल्याकडं. लग्नातला बँडवाला बघा. शंभर वर्सांमागचा गोरा साहेब उन्हात घामाघूम होऊन ताशा वाजवून राहिला." लातूर-उदगीरकडच्या बँडपथकांचे कपडे ते शिवत. त्यात मात्र हात मोकळा सोडत. लाल मखमल, सोनेरी झालर, खांद्यावर ब्रशएवढे गोंडे. मी विचारलं, इथं कागद लागत नाही का? "त्याला कोण सॅल्यूट मारतो? तो पोटासाठी घालतो. त्याचं खरं हाय."

एकदा कंधारकडची एक बाई आली. नवरा सीमेवर गेलेला, म्हणजे परत न आलेला. त्याचा शर्ट तिनं कागदात गुंडाळून आणला होता. शाळेच्या कार्यक्रमात मुलीला घालायचा होता, लहान करून पाहिजे होता. मास्टरांनी दोन बोटं मुलीच्या खांद्याला लावली. मग शर्ट मांडीवर उलटा करून आतल्या शिवणी बघितल्या. "ताई, याला कात्री लावत न्हाई मी. आतून दुमड घालतो. कच्चा धागा घालतो. कार्यक्रम झाला की एक टोक ओढा, शर्ट पहिल्यासारखा व्हईल." त्या दुमडी घालायला त्यांना एक पूर्ण दिवस लागला. वहीत त्या पानावर तुकडा नाही. नुसती टाचणी आहे.

हे सगळं मी आता सांगतो आहे ते अशासाठी की पुढे जे झालं त्यात त्यांची एकच चूक होती, आणि ती या वहीतून आली.

फौजेच्या वर्दीचा नवा नमुना आला. बारीक बारीक चौकोनांच्या ठिपक्यांचा. त्याचबरोबर असा हुकूमही आला की हे कापड बाजारात विकायचं नाही, बाहेर शिवायचं नाही. मास्टर खूश झाले. दुकानात त्यांनी स्वतः पुठ्ठा लावला: नवीन नमुन्याची वर्दी इथे शिवून मिळणार नाही. मला म्हणाले, "चांगलं झालं. कुणीबी उठावं आन फौजी व्हावं, ते बंद."

मग मुखेडजवळच्या एका खेड्यातला पोरगा सुट्टीवर आला. बुटका, वर्दी मिळाली मधल्या मापाची. दोन पँटी घेऊन आला. दुमड घातली तर बुटात जाड होते, म्हणून कापूनच पाहिजे होती. मास्टरांनी ओळखपत्र बघितलं, पँटी कापल्या, तळ शिवून दिले. कापलेलं कापड परत देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. चार बोटं रुंदीचा एक तुकडा मात्र त्यांच्या हातून सुटला नाही.

त्या शनिवारी त्यांनी मला ते पान दाखवलं. आंबे चोरलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. "वही मागत होती, सर. चार पिढ्यांचं हाय, हेच एक राहिलं असतं."

"मास्टर, हा गुन्हा आहे."

"चार बोटांचा?"

आम्ही दोघंही हसलो.

आता आमच्या संस्थेच्या अध्यक्षांविषयी सांगायला हवं. त्यांनी लातूर रस्त्यावर सैन्यभरतीची अकॅडमी काढली आहे. ते स्वतः भरतीच्या रांगेत कधी उभे राहिले नव्हते. रांगेत उभं राहण्याची त्यांना कुठेच सवय नाही. अकॅडमीत ते कमांडंट झाले. पुढच्या सव्वीस जानेवारीला उघड्या जीपमधून पोरांची मानवंदना घ्यायची, आणि ती वर्दीत घ्यायची, असं त्यांच्या मनात आलं. वर्दीवाला चांगला शिंपी कोण, हे त्यांनी मला विचारलं. मीच त्यांना त्या बोळात घेऊन गेलो.

मास्टरांनी दोन बोटं त्यांच्या खांद्याला लावली. "आधी खांदा. बोला साहेब."

अध्यक्षांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. "आर्मीचा नवा पॅटर्न. कॉलरला या लाल पट्ट्या. खांद्यावर हे असं."

"कागद?"

"कसला कागद? मी कमांडंट आहे, अकॅडमीचा."

"मग अकॅडमीची शिवून देतो की. निळी शिवू, करडी शिवू. अकॅडमीचं नाव जरीत टाकू."

"अकॅडमी माझीच आहे, नाव काय टाकता! मला हीच पाहिजे."

"या कापडाला मनाई हाय, साहेब. आन ही लाल पट्टी कर्नलला लागते. तिथवर पोचायला माणसाला वीस वर्सं लागतात. मी आठ दिवसांत कसं पोचवू तुम्हाला?"

"अहो, एका सकाळचा प्रश्न आहे. झेंडावंदन झालं की काढून ठेवणार."

मास्टरांनी मनापासून विचार केला. त्यांना खरोखरच वाट काढायची होती. "असं करू का? बँडवाल्याची शिवतो. लाल मखमल, लई झालर टाकतो. लांबून बघणाराला जनरलच वाटंल."

हा टोमणा नव्हता. त्यांना टोमणे येतच नसत. पण मला हसू आलं आणि ते मी आवरलं नाही. अध्यक्षांनी मास्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट सांगितली. मला गोष्टी रंगवून सांगता येतात अशी ख्याती आहे. "आमच्या कमांडंटला मास्टरांनी बँडपथकात भरती करून घेतलं," असा शेवट केला. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, एवढा कसला नियमाचा माणूस? तेव्हा मी वहीचं सांगितलं. हा तो माणूस, ज्याच्याकडे नव्या नमुन्याचा अस्सल तुकडा आहे, चार बोटं का होईना, तरी तो शिवायला नाही म्हणतो. मला मास्टरांची थोरवी सांगायची होती. थोरवी सांगतानासुद्धा मला टाळ्या हव्या होत्या, हे आता लिहून ठेवतो.

आठ दिवसांनी दुकानावर पोलीस आले. तक्रार निनावी होती. ती कुणी केली याचा माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय लिहू नये एवढं माझ्या विषयानं मला शिकवलं आहे. म्हणून फक्त क्रम सांगितला.

तक्रारीत होतं तेच सापडलं. वही, वहीत तो तुकडा. पण तुकड्यापेक्षा वही वाईट ठरली. सगळं उर्दूत. पानापानावर फौजेचं कापड आणि मध्ये मध्ये आकडे. ठिकाणांची नावं पोलिसांना वाचता येत नव्हती; मास्टरांनीच भोळेपणानं वाचून दाखवली. पठाणकोट, लेह, तेजपूर, जैसलमेर. संध्याकाळी गावातल्या एका मोबाइल चॅनेलवर मागे ढोल वाजवत बातमी फिरली: शिंप्याच्या उर्दू वहीत जवानांची ठिकाणं. मास्टरांचा फोटो होता, गळ्यात टेप. त्या टेपवर लाल गोल काढला होता. का, ते सांगता येत नाही.

त्याच रात्री ठाण्याच्या साहेबांचा मला फोन आला. माणूस सरळ होता. "सर, मास्टर तुमचं नाव सांगतात. तुम्हाला ही वही वाचता येते म्हणे. सकाळी या, काय लिहिलंय ते वाचा, सही द्या. मलाही हे वाढवायचं नाहीये. सरकारी वाचणारा यायला आठवडा जाईल, तोवर या माणसाला रोज बसवून ठेवावं लागेल."

मी म्हणालो, येतो.

सकाळी अध्यक्षांचा फोन आला. धमकी वगैरे काही नाही. आवाजात काळजी होती. "ऐकलं ते वाईट झालं. पण तुम्ही जरा जपून. तुम्ही वर्दीतला माणूस. असल्या भानगडीत वर्दी मळते."

मी ठाण्यात फोन केला. परीक्षा सुरू आहेत, परवा येतो, असं सांगितलं. परीक्षा खरंच सुरू होत्या. माझं पर्यवेक्षण दुपारी होतं, तीन तास. सकाळ दोन्ही दिवस रिकामी होती. मी वर्तमानपत्र वाचलं.

त्या पहिल्या दिवशी ठाण्यात दुसराच माणूस गेला होता. बुटक्या जवानाचा बाप, अप्पा. मुखेडकडच्या खेड्यात किराणा दुकान, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. मोबाइलवर बातमी बघून पहिल्या एस.टी.नं आला होता. हे मला नंतर साहेबांनीच सांगितलं, सांगताना हसत होते.

अप्पांनी पिशवीतून पोरानं घरी ठेवलेली दुसरी पँट काढून टेबलावर टाकली. "माझ्या लेकाची हाय. तो तुकडा हिचाच हाय. लावून बघा."

"अप्पा, कोर्टाला असं चालत नाही."

"कोर्टाला मागून चालवा. आधी लावून तर बघा की! बुटका हाय आमचा, आईवर गेलाय. त्याला मास्टर काय करंल?"

साहेबांनी वहीतला तुकडा पँटच्या तळाशी धरला. छापाचे चौकोन चौकोनाला जुळले. मधे फक्त शिवणीएवढं अंतर. अप्पा म्हणाले, "झालं का? आता म्हाताऱ्याला सोडा. त्याच्या चहाची येळ झाली." तुकड्याचा प्रश्न तिथेच मिटला. वहीचा राहिला, कारण अप्पांना उर्दू येत नव्हती. नाहीतर तीही वाचून ते दुपारच्या गाडीनं परत गेले असते. मास्टरांना संध्याकाळी घरी सोडत, सकाळी पुन्हा बोलावत. अप्पा दोन्ही दिवस त्यांच्याशेजारी बाकावर बसून होते. हे साहेब सांगत होते तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. वही माझ्यासमोर ठेवली. मास्टर कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. मी मोठ्यानं वाचायला लागलो. कंधार, खांदा साडेसतरा, लेह, ढील अर्धा इंच. देगलूर, खांदा सतरा, जैसलमेर, काखेत हवा. नायगाव, खांदा अठरा, जम्मू, शर्ट न्यायला आला नाही, शर्ट घरी पोचवला. तिथे साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुढे कुणी काही लिहून घेतलं नाही. मी वाचत राहिलो.

मधेच एक खाकी तुकडा आला. माझा. हे पान त्यांनी मला शनिवारी कधी वाचायला दिलं नव्हतं. प्रोफेसर. खांदा सोळा. कागद बघितला. उजवा खांदा उतरता. वर्दीत झाकला जाईल.

मी तेही मोठ्यानं वाचलं.

सही केली. साहेब म्हणाले, मास्टर, तुम्ही जा. वही मात्र इथेच राहील, मुद्देमालात नोंद झाली आहे, रीतसर अर्ज करा. आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. मी दोन दिवस उत्तर तयार करून ठेवलं होतं.

"परीक्षा झाली का, सर?" त्यांनी विचारलं.

आणि ते खरंच विचारत होते.

गुन्हा काही दाखल झाला नाही. चॅनेलवर तशी बातमीही आली नाही. ढोल वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुकान उघडं होतं, माणूस येत नव्हता. जवानांच्या आया बोळाच्या तोंडाशी थांबायच्या आणि पुढे जायच्या. एका शाळेनं गणवेशाचं काम काढून घेतलं. अप्पा मुद्दाम मुखेडहून येऊन दोन सदरे शिवून घेऊन गेले, पण एका माणसाला किती सदरे लागतात? मी शनिवारी जायचो. वही नव्हती, त्यामुळे बसून करायचं काय, हा प्रश्न दोघांनाही पडायचा. पाटी त्यांनी एक दिवस स्वतः स्टुलावर चढून उतरवली.

लातूरजवळच्या मुरुडला त्यांची मुलगी दिली आहे. जावयाचं गाद्यांचं दुकान. ते तिकडे गेले. चारेक महिन्यांनी एका लग्नासाठी मी लातूरला गेलो होतो, तिथून मुरुडला उतरलो. सांगायला बातमीही होती: अर्ज केला तर वही मिळेल, अर्ज मी लिहून आणला आहे, फक्त सही हवी.

दुकानात कापूस उडत होता. मास्टर मागच्या बाजूला मशीनवर बसले होते, दाढीत कापसाचे तंतू. फुलाफुलांचं कापड सरळ रेषेत पळवत होते. मी समोर उभा राहिलो. सवयीनं खांदा थोडा पुढे केला. त्यांनी तोंडाकडे बघितलं.

"या सर. बसा. चहा सांगतो."

"काय शिवताय?"

"खोळ. उशीची."

"जमतं का?"

"काय न जमायला! चार बाजू, तीन शिवायच्या. उशीला खांदा नसतो, सर."

मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, उन्हात धरला. घडी घालून परत दिला. "राहू द्या तिथंच. सरकारी कपाटात हाय, कसर लागणार न्हाई. माझ्या इथं कापूस लई उडतो." मग म्हणाले, "एक पान कोरं राहिलंय शेवटचं. आता काय लावणार त्याच्यात?"

पाऊस संपता संपता त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाली. मातीला जायला मला जमलं नाही. त्या दिवशीही काहीतरी होतं. अप्पा गेले होते. तिघा-चौघा जवानांचे बाप त्यांनी जीपमध्ये घालून नेले होते. त्यांनी खांदा दिला, हे मला मुलीनं सांगितलं.

या सव्वीस जानेवारीला अध्यक्षांनी मानवंदना घेतली. वर्दी कुठून तरी तयार आणली होती. नव्या नमुन्याची, कॉलरला लाल पट्ट्या, छातीवर रंगीत फितींच्या तीन ओळी. कागद कुणी विचारला नाही. तक्रार कुणी केली नाही. त्याच चॅनेलवाल्यानं ते सगळं ढोलासह दाखवलं. सरकारी मापातला मोठा माणूस त्यांना बसला नव्हता. खांद्याची शिवण दंडाच्या मध्यावर येऊन लोंबत होती. सॅल्यूटसाठी हात वर गेला तेव्हा सगळा शर्ट कानापर्यंत चढला. मास्टरांचं खरं होतं. बघणाऱ्याला कळत नाही का खोटा वाटतो, पण वाटतो.

आमच्या कॉलेजच्या तुकडीसमोर मी उभा होतो. जीप माझ्या समोर आली. मी टाचा जुळवल्या आणि हात वर नेला.

खांद्याची शिवण जराही ओढली नाही. उजवा खांदा उतरता आहे, हे कुणाला दिसलं नसावं.